विषाआधीचा नमस्कार

कोरियातल्या देगू शहरातल्या दवाखान्यात गुडघेदुखीवर उपचाराच्या सुया टोचून घेतलेल्या दोन बायका शेजारशेजारच्या खाटांवरून टीव्हीवरची राजेरजवाड्यांची मालिका बघत होत्या.

"बघा मालसूनताई, राजानं ह्या दरबाऱ्याला विषाचा वाडगा पाठवलाय, आणि हा मेला त्याच्याच दिशेला चार-चार नमस्कार घालतोय!"

"रीतच आहे ती. आमच्या ह्यांनीही कामावरून काढल्याचं पत्र कमरेत वाकून, दोन्ही हातांनी घेतलं. सत्तावीस वर्षांची चाकरी."

"त्यांची चहाडी कुणी केली होती?"

"जिवलग मित्रानंच. आता तो मोठा साहेब झालाय."

"इथे मालिकेत तर ह्याचा मुलगा मोठा होऊन सूड उगवणार म्हणे."

"उगवू दे बाई. आमचा मुलगा गेल्या सोमवारी त्याच कंपनीत लागला."

"अगंबाई! त्या मित्राच्या हाताखाली?"

"हो. हेच गेले होते वाकायला."