काट्याशिवाय पेणला

बाबा गेल्यानंतर त्यांची फियाट मी पहिल्यांदाच पेणच्या अलीकडे कासू गावातल्या गॅरेजात आणली होती. माझ्या आधी तसल्याच एका फियाटचा नंबर होता. तिच्यातून एक वयस्क जोडपं रोह्याहून पेणला निघालं होतं.

"मिस्त्री, स्पीडचा काटा शून्यावरच बसलाय. केबल तुटली वाटतं."

"तुटली नाय, काका. ग्रीसपण बरोबर लावलंय. वरचं टोक कोरडं ठेवलंय, म्हणजे ग्रीस मीटरात चढत नाय. काम कोणाचं?"

"माझंच. दर सहा महिन्यांनी करतो."

"मग मीटरमागचा नट कोणी सोडला?"

"हादऱ्यानं सुटला असंल."

"हादरा काय केबलचं टोक कापडात गुंडाळून ठेवतो? हे बघा."

"सगुणे, हे तुझ्या ब्लाऊजचं कापड नाय गो?"

"व्हय. धूळ लागू नये म्हणून गुंडाळलं."

"पण नट सोडलास कशाला?"

"काटा चाळीसवर गेला की तुमी ब्रेक मारता. पुतणीच्या लग्नात पोचलो तवा लोकं जेवून हात धूत होती. आज माझ्या भाचीची हळद हाय. ती लागताना मला बघायचीय."

"मिस्त्री, बसव केबल. काट्याबिगर मी गाडी हलवणार नाय."

"मग रोह्यापासून इथवर कशी हलवलीत? नागोठण्याला तर एसटीला मागं टाकलंत."

"मी? एसटीला?"

"कंडक्टर खिडकीतून बघतच राहिला."

"काका, बसवू ना केबल?"

"थांब रे. ते कापड परत नीट गुंडाळ. उद्या परत येताना बसवू. सगुणे, एसटी साधी होती का गो, का शिवशाही?"