दुसऱ्यांदा आला तरच

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिंप्याशेजारी एक म्हातारं जोडपं येऊन टेकलं. शिंप्याने वर्तमानपत्र उघडलं, पण त्याचा चांगला कान तिकडेच होता.

"डॉक्टरांना खरं काय ते सांगा. मी घसा फोडून ओरडते आणि तुम्ही ढिम्म."

"ओरडतेस म्हणूनच. चौतीस वर्षं वायरलेसवर जहाजांचे संदेश घेतले. विजा कडाडल्या की हेडफोनमध्ये फटाफट आवाज यायचे. जे एकदम मोठं येईल ते सोडून द्यायचं आणि मागची बारीक टिकटिक धरायची. कानांना तीच सवय लागलीय."

"म्हणजे मी वीज."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"आणि हळू बोललेलं येतं ऐकू?"

"सगळं."

"थोरली दोन वर्षांची असताना आपलं कडाक्याचं भांडण झालं, मी माहेरी निघाले. तेव्हा दारात मी हळूच काय म्हणाले होते?"

"आता परत यायची नाही, म्हणालीस."

"ऐकलं होतंत? मग मला अडवलं का नाहीत?"

"इतक्या गडगडाटात एकदाच आलेला संदेश आम्ही वहीत चढवत नाही. तोच दुसऱ्यांदा आला तरच खरा धरायचा. म्हणून वाट बघत बसलो."

"मी तर नवव्या दिवशी आले."

"हो. पण वाट मी अजून बघतोय."

बाई म्हाताऱ्याकडे सरकल्या. मग इतकं हळू काहीतरी बोलल्या, की शिंप्याला अक्षरही कळलं नाही.

म्हातारा म्हणाला, "परत सांग."