सावकाश चालवणाऱ्यासाठी घेतलेले कार्ड

मी, खाली सही करणारी, वय ५४, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, राहणार पाण्याच्या टाकीमागे, लाँड्रीच्या वरचा मजला, आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. माझे पती, वय ५७, पूर्वी बसचालक, हे आज सकाळी साडेदहाच्या सुमारास खालच्या लाँड्रीवाल्यांची पांढरी डिलिव्हरी व्हॅन घेऊन गेले ते अद्याप परत आलेले नाहीत. त्यांना गाडी चालवण्याची डॉक्टरांची सक्त मनाई आहे. लाँड्रीवाले माझ्यासोबतच आले आहेत. त्यांनी व्हॅनचा नंबर दिला व तो वायरलेसवर सांगितला गेला, हे माझ्यासमोर झाले. मी तेवढ्यावर उठत होते. परंतु ठाणे अंमलदार म्हणाले, "बाई, बसा. माणूस का गेला ते कळलं तर कुठे गेला ते कळेल. पहिल्यापासून सांगा." म्हणून पहिल्यापासून सांगते. जमेल तितके भरभर सांगते.

माझ्या पतींनी एकोणतीस वर्षे बस चालवली. त्यांच्या हातून माणूस तर सोडाच, कोंबडीसुद्धा दगावली नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना फीट येऊ लागली. लोकांना ठाऊक असते तशी ही फीट नाही. ते पडत नाहीत, हातपाय झाडत नाहीत. नुसते थांबतात. डोळे उघडे, हात जिथे असतील तिथे, आणि चारपाच श्वास ते आपल्यात नसतात. परत आल्यावर त्यांचे त्यांना काही कळत नाही. एकदा बस चालवताना असे झाले. स्टॉप समोर होता आणि लगेच पाहिले तर तो मागे पडलेला होता, असे त्यांनी मला सांगितले. प्रवासी ओरडले, कंडक्टरने घंटी बडवली. कोणाला खरचटलेही नाही, ही देवाची कृपा. त्यानंतर लायसन्स जमा झाले व नोकरी गेली. गोळ्या सुरू झाल्यापासून मात्र एकदाही फीट आलेली नाही.

नोकरी गेल्यावर ते खिडकीत बसून राहत. जेवायला हाक मारली तर, "तू जेवून घे, मला कुठे ड्यूटीवर जायचंय," म्हणत. त्यांच्या बहिणीची मुलगी कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करते. मामाची ही दशा पाहून तिने स्वतःचा जुना, गेम खेळायचा कॉम्प्युटर आणि टेबलाला आवळायचे एक स्टिअरिंग आणून दिले व त्यात बस चालवण्याचा गेम घालून दिला. पडद्यावर कुठलेसे अनोळखी शहर असते. हे मात्र आपल्या जुन्या मार्गावरचेच स्टॉप पुकारत. कंडक्टरचे कामही स्वतःच करत. "पाण्याची टाकी! उतरा, उतरा, दारात गर्दी नको!" रोज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत. मी म्हणे, "बिनपगारी ड्यूटी, आणि वर विजेचं बिल." ते म्हणत, "बाई, आधी तिकीट काढा, मग तक्रार करा." मी सकाळी देवाचे नाव घेत असले की तेवढा वेळ हॉर्न वाजवत नसत. आमचे बरे चालले होते.

मागच्या महिन्यात एका दुपारी कॉम्प्युटरमधून जळका वास आला व पडदा काळा झाला. भाचीने फोनवर विचारून विचारून ग्राफिक्स कार्ड गेल्याचे सांगितले.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, असे विचारल्यावरून सांगते की, कॉम्प्युटरच्या पेटीत उभी बसवायची ती एक जाडसर पट्टी असते. तिला छोटे पंखे असतात. पडद्यावर जे जे दिसते ते ती पट्टी काढत असते. रस्ता, झाडे, माणसे, सगळे. ती चांगली असली की चित्र पाण्यासारखे वाहते. हलकी असली की अडखळते. हे मला आज पाठ आहे. तेव्हा नव्हते.

पडदा काळा झाल्यावरही माझे पती त्याच्यासमोर जाऊन बसत. दाढी करणे सोडले. भाची परगावी कामात अडकली होती. तिने मला कार्डाचे नाव व नंबर चिठ्ठीवर लिहून घ्यायला लावला आणि बजावले, "मामी, हेच आण हं. दुकानात जाऊन घासाघीस कर, पण कार्ड बदलू नकोस."

मी बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. घरचा जमाखर्च मी ठेवते. साबणाची वडी घ्यायची तरी मी चार दुकाने विचारते. दुकानदाराने चिठ्ठीतले कार्ड काढून ठेवले. शेजारी दुसरे एक खोके होते. त्याची किंमत कमी होती व खोके मोठे होते. मी विचारले, "चिठ्ठीतल्यावर सहा लिहिलंय, ह्याच्यावर आठ. जास्त असून स्वस्त कसं?"

दुकानदार म्हणाला, "ती मेमरी, ताई. कशासाठी हवंय कार्ड?"

"बस चालवायच्या गेमसाठी."

"मग असं समजा, मेमरी म्हणजे बसच्या सीटा. सीटा वाढवल्या म्हणून बस पळते का? इंजिन चिठ्ठीतल्याचं दणकट आहे."

"पळवायचीय कुणाला? आमचे हे आयुष्यभर सावकाशच चालवत आले."

"अहो, बस सावकाश चालली तरी चित्र भराभर काढावं लागतं. हे दुसरं कार्ड जुनं आहे, दमतं."

"महागातलं गळ्यात मारणं तुमचा धंदाच आहे."

"गळ्यात मारायचं असतं तर आधी चहा मागवला असता, ताई. बिनचहाचं सांगतोय म्हणजे खरंच सांगतोय."

मी डोळे मिटून देवाचे नाव घेतले आणि आठवाल्या खोक्यावर हात ठेवला. देवाने मला नको म्हटले नाही. मी त्याला नीट विचारलेही नव्हते.

दुकानदाराने संध्याकाळी घरी येऊन कार्ड बसवून दिले. त्या वेळी माझे पती न्हाव्याकडे गेले होते. कार्ड आले म्हणताच ते दाढी करून यायला निघाले होते. जाताना दुकानदार जिन्यात म्हणाला, "मी सांगितलं नाही असं म्हणू नका." पती परत आल्यावर त्यांनी विचारले, "चिठ्ठीतलंच आणलंस ना?" मी हो म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शर्ट घालून बसले. मी मागे भाजी निवडत होते. दोन स्टॉप झाले. मग पुकारणे बंद पडले. मी पाहिले तर त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले होते. पडद्यावर बस फुटपाथवर चढलेली होती व पुढे एक बाई पडलेली होती, म्हणजे चित्रातली. ते म्हणाले, "स्टॉप समोर होता. एकदम मागे गेला." मी म्हटले, "अहो, खोटी बाई आहे ती." ते म्हणाले, "बाई खोटी असेल. मी तर खरा आहे ना?" मग त्यांनी विचारले, "मी थांबलो होतो का? डोळे उघडे होते का माझे? तू बघत होतीस?" मी पाहत नव्हते. मी तसे सांगितले.

त्यानंतर त्यांनी मला शेजारी खुर्ची टाकून बसवले व पडद्याऐवजी त्यांच्या डोळ्यांकडे पाहायला सांगितले. मी पाहिले. त्यांचे डोळे हलत होते, हात हलत होते. ते थांबत नव्हते. चित्र थांबत होते. एका जागी अडकायचे आणि मग उडी मारून पुढे जायचे. मी त्यांना सांगितले की, "तुम्ही धडधाकट आहात, पडदाच अडखळतोय." ते हसले व म्हणाले, "भाचीनं निवडलेलं नवंकोरं कार्ड अडखळेल कसं? उगाच धीर देऊ नकोस. माझं दुखणं उलटलंय, गोळ्या लागू पडत नाहीत." तेव्हा मी खरे बोलायला हवे होते. जीभ वळली नाही. कार्ड गुपचूप बदलून आणू, म्हणजे सांगायची वेळच येणार नाही, असे मी मनाशी ठरवले.

तुम्ही भाचीला तरी का सांगितले नाही, असे विचारल्यावरून सांगते की, तिने बदलू नकोस म्हणून बजावले होते.

त्यानंतरचे दिवस ते कॉम्प्युटरकडे फिरकले नाहीत. भिंतीवरचे घड्याळ पाहत बसत. सेकंदकाट्याने एखादे घर गाळले का ते पाहतो, असे म्हणाले. परवा माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तर मला म्हणाले, "आत्ता तू दारात होतीस ना? इथे कधी आलीस?" मी दारातून चालतच आले होते व त्यांनी माझ्याकडे मान वळवून पाहिले होते. त्यांचा आता स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा उरलेला नाही.

आज सकाळी मी, देवळात जाऊन येते, असे सांगून घराबाहेर पडले व कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार मनाला लागेल असे काही बोलला नाही. म्हणाला, "आणा परत. चिठ्ठीतलं अजून ठेवलंय." मी आनंदाने घरी आले. खाली लाँड्रीवाले फुटपाथवर उभे होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, माझ्या पतींनी व्हॅन उन्हात आहे, सावलीत लावतो, म्हणून किल्ली मागून घेतली. लाँड्रीवाल्यांना लायसन्सचे माहीत होते, परंतु चार हातांवर गाडी सरकवायची, म्हणून त्यांनी दिली. माझे पती सीटवर बसले, आरसा नीट केला आणि खिडकीतून म्हणाले, "बघून येतो, खऱ्या रस्त्याला तुकडे पडतात का." लाँड्रीवाल्यांना वाटले, काका गंमत करतात. व्हॅन सावलीपाशी थांबली नाही.

लाँड्रीवाले बाकावर बसून रडत आहेत. व्हॅनमध्ये इस्पितळाच्या चादरी आहेत. "काकू, गाडीचं जाऊ दे, चादरींचंही जाऊ दे, काका सापडू देत," असे ते म्हणाले, ते लिहून घ्यावे. त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

वर जाऊन पाहिले तर मोबाईल टेबलावरच होता. गोळ्यांची डबी उघडली. परवापासूनच्या गोळ्या तशाच आहेत. लागू पडत नाहीत म्हणून त्यांनी त्या घेणे बंद केले आहे. आजवर फीट नव्हती ती गोळ्यांमुळे. माझ्या खोट्यामुळे त्यांनी त्या सोडल्या. आता ती खरोखर येईल, आणि या वेळी पुढे चित्रातली बाई नसेल.

कुठे गेले असतील, असे विचारल्यावरून सांगते की, ते दुसरीकडे कुठेही जाणार नाहीत. पाण्याची टाकी, भाजीबाजार, इस्पितळ, दोन शाळा, गिरणीचे फाटक, आणि तिथून वळसा घालून परत. जुना मार्ग. दुपारी शाळा सुटतात. ते वळसा घालून पुन्हा पुन्हा तोच मार्ग घेतील, कारण एकदा सगळे सलग दिसले तरी त्यांचा विश्वास बसणार नाही.

त्यांना कसे थांबवावे, असे विचारल्यावरून सांगते की, कृपा करून मागे गाडी लावू नये, भोंगा वाजवू नये. लाल-निळ्या लुकलुकत्या दिव्यांनी तर त्यांना फीट येऊ शकते, असे डॉक्टरांनी बजावले आहे. रस्त्यात अडथळाही लावू नये. गिरणीच्या फाटकाच्या अलीकडे बसस्टॉपवर एका बाईमाणसाने हातात पिशवी घेऊन उभे राहावे आणि व्हॅन दिसली की नुसता हात वर करावा. ते थांबतील. डेपोत उशिरा पोचल्याबद्दल त्यांनी कितीदा बोलणी खाल्ली, पण हात वर केलेला माणूस मागे टाकून ते कधी पुढे गेले नाहीत. त्या बाईने मीच असावे, अशी माझी विनंती आहे. गाडीत चढल्यावर मी त्यांना पहिले वाक्य काय सांगणार, तेही लिहून घ्यावे, म्हणजे माझी जीभ पुन्हा वळली नाही तर दुसऱ्या कोणी वाचून दाखवावे: कार्ड चिठ्ठीतले नव्हते. मी स्वस्तातले आणले. तुम्ही एकदाही थांबला नाहीत.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी उभ्यानेच ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही केली आहे. आता चला.