धुऱ्यावरच्या चौघी

मपलं नाव कौसाबाई. माहेर शिरड शहापूरचं, सासर हे कुरुंदा, आन् लिवायचंच असंल तर आधी हे लिवा की कुरुंद्यात माझ्यासारखी हळद शिजवणारी बाई दुसरी न्हाई. हसू नका, खरं तेच सांगून राहिले. वाफ कशी निघते ते बघून मी म्हणते बस, आता जाळ काढा, आन् म्या म्हणलं तवा जाळ काढला की हळद आतून बराबर पिवळीधमक निघते. शाळा चौथीपर्यंत झाली, मंग मायनं सांगतलं वावरात हात कमी पडून राहिले, सुटली शाळा. पण तुमी काय हळदीचं ऐकायला आल्या न्हाईत, तुमाला धुऱ्यावरच्या चौघींचं ऐकायचं हाय, मला ठाऊक हाय. सांगते. मधीच उठू नका, चहा ठेवलाय.

मपलं लगीन व्हायच्या आधीची गोष्ट, मपल्या सासऱ्याचा नांगर वावरात अडकला. खाली काळा दगड. उकरून बघतात तर वरच्या अंगाला चार कोपऱ्यावर चार गोल खुंट, येवढाले, मुठीयेवढे. सासऱ्यानं बैलं सोडली, टोपी काढली आन् म्हणले, ह्या चौघी बहिणी हायत. आता नदीला सात आसरा असतात ते समद्यांला ठाऊक हाय, तशा ह्या आपल्या चार. धुऱ्यावर, म्हंजे वावराच्या बांधावर, लिंबाखाली दगड बसवला, खुंटांला शेंदूर लावला, डोळे लावले. सासूबाईनं त्यांला नावं ठेवली, थोरली, मधली, सावळी आन् धाकली. सावळीला दर अमावस्येला काजळ लागतं. मी नवी नवरी आले तर मला घराच्या उंबऱ्याआधी धुऱ्यावर नेलं, म्हणले आधी त्या, मंग आमी. तवापासून हळदीचा पहिला गड्डा त्यांला, मंग बाजार.

आन् मपलं त्यांच्यापाशी काम पडलं व्हतं, तेबी सांगते. मपली मंगल झाली ती रडलीच न्हाई. निळी पडली व्हती. सुईण म्हणली आशा ठेवू नको बाई. सासूबाईनं लेकरू उचललं, पदरात गुंडाळलं, थेट धुऱ्यावर नेऊन चौघींच्या पुढं ठिवलं आन् म्हणली, तुमी चौघी हाव ना, मंग एकीनं तरी हात लावा. तिथं रडली मंगल. आता तुमी म्हणसाल गार वारा लागला असंल, म्हणा, मी भांडत न्हाई. पण माय हाव मी, म्या त्या दिसापासून कोणाला त्या दगडाला धक्का लावू दिला न्हाई.

आन् लावायला बघत व्हते. काहून की पुढं भावाभावात वाटणी झाली, आन् चौघी पडल्या नेमक्या मधल्या धुऱ्यावर. एका अंगाला आमचं, दुसऱ्या अंगाला दिराचं, बापूरावचं. धुरा तिथं वाकडा व्हतो, टॅक्टर वळवायला तकलीफ व्हते त्यांला. दर उन्हाळ्यात म्हणायचे, वैनी, बाजूला घेऊ ना, लांब न्हाई, हे इथं. मी म्हणायची, भाऊजी, तुमी बाजूला व्हा. मपले मालक गरीब सोभावाचे, मूग गिळून बसायचे. आमच्या घरात आवाज मपला हाय, ते गावाला ठाऊक हाय.

तर यंदा काय झालं, हळद निघाली, भाव बरा लागला, बचत गटाच्या बायांनी टूर काढली. तुळजापूरला आईचं दर्शन आन् येताना तेरला गोरोबाकाकांचं. गाडी केली, भाकरी बांधल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली, आन् मपली जाऊ शांता, म्हंजे ह्या बापूरावची बायको, मपल्याच शेजारी बसली. आमचं भांडण धुऱ्यावर, गाडीत न्हाई. मंगल घरला आली व्हती बाळंतपणाला, दिवस भरत आले व्हते, मपला जीव तिच्यात व्हता, पण तीच म्हणली जा माय, आईला मपलं सांग.

तेरला दर्शन झालं. ऊन म्हंजे डोकं फुटायची येळ. डायवर जेवायला गेला. तिथंच म्युझियम हाय, बाया म्हणल्या आत पंखा हाय, पाणी हाय, चला. खरं सांगते, पंख्यापायीच गेलो. आत गेलो आन् मायबाई, काचेच्या पेट्याच पेट्या. एक म्याडम व्हत्या, तिथल्याच, पोरीवानी दिसायल्या पण बोलायला लई चांगल्या, म्हणल्या या, मी दाखवते. आधी लहान लहान गारगोटीची पाती दाखवली, म्हणल्या लोखंड नव्हतं तवा माणूस ह्याच्यानं कापायचा. मंग मातीच्या बाया, अशा केस बांधलेल्या की आमची शांता बघतच राहिली. शंखाच्या बांगड्या, मणी, दिवे. म्हणल्या, हे रोमच्या लोकांसंगं चालणाऱ्या बेपाराचं हाय, दोन हजार वर्षं झाली, जहाजातून माल यायचा, इथून कापड जायचं. एका फुटक्या रांजणाची मान व्हती, आमी इचारलं ह्याच्यात काय यायचं, त्या म्हणल्या दारू. समद्या बाया हसल्या. शांता म्हणली, घ्या, येवढ्या लांबून मागवायचे, आन् आमच्यावाल्याला फाट्यापर्यंत जायचा कंटाळा येत न्हाई म्हणून आपण बोलतो. मंग नाण्याला भोक पाडून गळ्यात घालायचे ते दाखवलं, राजाचं तोंड असलेलं. शांता म्हणली मपल्या आजीच्या पुतळ्याची माळ अशीच व्हती, आन् मान वर करून अशी उभी राहिली जसं काय राजा तिच्या आजीकडं पाव्हणा येत व्हता.

मी पुढं गेले. कोपऱ्यात एक काळा दगड, लांबट, मधी खोलगट, आन् खाली पाय. चार पाय. मी तिथंच फरशीवर बसले, मान वाकडी करून खालून बघू लागले. तिथला माणूस धावत आला, आजी, चक्कर आली का. म्या म्हणलं थांब रे बापा. मान अजून वाकवली, डोकं पार उलटं केलं आन् बघितलं. त्याच मुठी. तेच चार कोपरे. म्या म्हणलं, शांते, इकडं ये, ह्या तर आपल्या चौघी.

शांता आली, तिनंबी मान वाकवली, आन् पदर तोंडात घालून अशी हसाय लागली की डोळ्यांतून पाणी. म्याडम आल्या. म्या इचारलं, हे काय हाय. त्या म्हणल्या, मावशी, हा पाटा हाय, वाटायचा. तवाच्या बाया ह्याच्यावर वाटायच्या. म्या म्हणलं आमच्या वावरात हाय असाच, पण पाय वर हायत. त्या हसल्या न्हाईत बघा. त्यांनी मपला हात धरला, म्हणल्या, मावशी, तुमच्या वावरात असंल तर तिथं त्या काळी घरं असतील, मला नंबर द्या, मी येते बघायला. पण मपलं कुठं ध्यान. सासऱ्यानं टोपी काढली ती पाट्याला, सासूबाईनं काजळ लावलं ते पाट्याच्या पायाला, आन् मपलं निळं पडलेलं लेकरू ठिवलं ते उलट्या पाट्यापुढं. गाडीत बाया हसून राहिल्या, काखेत कळसा आन् गावाला वळसा म्हणून राहिल्या. मी खिडकीकडं तोंड केलं. मला लाज न्हाई वाटली, मला भेव वाटलं. घरला पोरगी पोटुशी, आन् मपल्या पाठीमागं उभं राहणारं कोणी न्हाई असं वाटलं. ते तसं वाटलं ते खरं सांगते.

घरी यायच्या आधी गोष्ट गावात. दुसऱ्या दिशी बापूराव आले, म्हणले, वैनी, आता तर तुमच्याच तोंडानं निघालं. वारंगा फाट्याचा जेसीबी सांगतलाय म्या, उद्या येऊन राहिला. पाटा तुमच्या घरला घेऊन जा, चटणी वाटा. म्या आत जाऊन दार लोटून घेतलं. म्या, जिला गाव भितं.

सकाळी जेसीबी आला, मी आधीच जाऊन लिंबाखाली बसले व्हते. बापूराव म्हणले, उठा वैनी, दगडापायी काहून हट्ट. गावातली माणसं जमली. तवा माझं मलाच सुचलं, म्हणलं भाऊजी, मंगल झाली तवा पाचव्या दिशी आपण काय पुजलं. म्या म्हणलं, कुरुंद्यात एक घर दाखवा जिथं पाचवीला सटवाई म्हणून पाटा-वरवंटा पुजत न्हाईत. आता तुमीबी जन्मलाव तवा तुमच्या मायनं पाट्यालाच हात जोडले, मंग त्या पाट्यानं लेकराचं नशीब लिवलं ते खरं, आन् हा पाटा म्हणून खोटा काहून.

बापूराव म्हणले, ते घरातलं हाय, हे वावरातलं हाय. तवा शांता पुढं आली. परवा दिवसभर हसणारी. डोक्यावर पदर घेतला, नवऱ्याकडं न्हाई, जेसीबीवाल्याकडं बघून म्हणली, भाऊ, मपल्या लेकरांची पाचवी म्या पाट्यावरच पुजली हाय. ह्या दगडाला हात लावशील तर आधी मला सांग ते समदं खोटं व्हतं म्हणून. तो बिचारा डायवर काय सांगल. त्यानं बापूरावकडं बघितलं. बापूरावनं हातानंच मागं जायची खूण केली, म्हणले, वळवून घे बाबा, वळवून घे. तेवढा धुरा वाकडाच राहिला, आन् वाकडाच राहील.

मंगलला मुलगी झाली. रडली, पहिल्यापासून रडली, गल्ली जागी केली. पाचव्या दिशी मी म्हणलं, पाचवी धुऱ्यावर पुजायची. मी, शांता आन् गल्लीतल्या बाया, आमी दगडाला पहारी लावल्या आन् पहिल्यांदा तो सुलटा केला. खालून मुळ्या चिकटल्या व्हत्या, मुंग्या निघाल्या. पाणी टाकून धुतलं. मधी खळगा निघाला, असा गुळगुळीत, शांतानं आधी हात घातला आन् म्हणली, वैनी, आपल्या घरच्यापेक्षा गुळगुळीत हाय, किती वाटलं असंल तवाच्या त्या बाईनं. मंग समद्या बायांनी एकेक करून हात घालून बघितला. मला रडू आलं, मी रडले. कोण असंल ती, तिला किती लेकरं असतील, रोम फिम तिला काय ठाऊक, ती आपली वाटत बसली असंल. म्या त्याच्यावर नवी हळद वाटली, हळदीचं बोट आधी खालच्या चौघींला लावलं, मंग नातीच्या कपाळाला.

पूजा झाल्यावर समदे मपल्या तोंडाकडं बघाय लागले, बापूरावबी, की आता ठिवायचा कसा, सुलटा का उलटा. म्या म्हणलं सासूबाईनं ठिवला तसा. वरून थोरली, मधली, सावळी, धाकली, आन् खाली मातीत त्या वाटणाऱ्या बाईचा खळगा. दोन्हीबी राहू द्या.

मागल्या महिन्यात त्या म्याडम आल्या, शब्दाला पक्क्या निघाल्या. फोटो काढले, माप घेतलं, वावरात फिरून खापरं बघितली, लई खुश झाल्या. म्हणल्या, मावशी, लई जुना हाय, आमच्याकडं दिला तर लांबलांबचे लोक बघतील. म्या म्हणलं बाई, पाटे तुमच्याकडं हायत, चौघी न्हाईत. ज्याला बघायचं त्याला इकडं धाडा, भाकरी मी घालते. त्या हसल्या, आन् निघताना आपणहून पाया पडल्या, आधी थोरलीच्या, बराबर.

आता तुमीबी चहा घ्या आन् चला, धुऱ्यावर जाऊ. मपला घरचा पाटा बघितला ना तुमी येताना, मागच्या दारात. पस्तीस-चाळीस वरसं वाटलंय म्या त्याच्यावर, मधून खोल गेलाय. कधी काळी हे घर पडंल, वावर व्हईल, नांगर लागंल आन् कोणी बाई त्याला शेंदूर लावून देव म्हणून बसवील. बसवू दे. उलटा बसवला तरी बसवू दे. तिच्याबी लेकराला औक्ष लाभो.