वाजली नाही ती गोळी

(दसऱ्याची सकाळ. नांदेडहून निघालेली गाडी अहमदपूर मागे टाकून रेणापूरच्या बाजूच्या गावाकडे चालली आहे. दयानंद गाडी चालवतो आहे, शेजारी त्याची बायको तनुजा, तिच्या हातात फोन. त्यांची लेक मनू आधीच गावी, दयानंदची आई चतुराबाई आणि वडील आण्णा यांच्याकडे आहे.)

तनुजा : आईनं लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं. ज्या घरात पिस्तूल आहे तिथं उद्या लेकरू एकटं सोडून येऊ नकोस म्हणून. मी हसले होते तिला. म्हटलं, आई, ते शोभेचं आहे, त्याच्या गोळ्यासुद्धा कुठं मिळत नाहीत.

दयानंद : नाहीतच मिळत. नांदेडला विचारलं, लातूरला विचारलं, हैदराबादलाही विचारून झालं. सगळ्यांकडं बत्तीस बोअरच्या गोळ्या. आपल्या त्या जुन्या जर्मन लुगरच्या म्हटलं की दुकानदार चहा सांगतो आणि स्वतःच्या आजोबाच्या गोष्टी काढतो.

तनुजा : मग काल मनूसमोर आण्णांनी काय उडवलं?

दयानंद : पाच वर्षांची आहे ती. काहीतरी सांगितलं असेल.

तनुजा : सकाळी फोनवर म्हणाली, मम्मी, आबा शेतात पिस्तूल घेऊन गेले, विहिरीच्या मातीच्या ढिगाऱ्यावर धरलं, मी कान बंद केले, पण ढुम झालंच नाही. नुसतं टिक झालं. आबा लई चिडले. हे काहीतरी सांगणं आहे?

दयानंद : खंडेनवमीला एक बार काढायची पद्धत आहे आपल्याकडं, आजोबांपासून. ढिगाऱ्यात एक गोळी मारायची, मग पुसूनपासून पूजेला मांडायचं. मला वाटलं, गोळ्या संपल्या असतील आतापर्यंत.

तनुजा : नाही संपल्या. कुठल्या आहेत त्या?

दयानंद : आजोबांच्या डब्यातल्या. माझ्या जन्माच्या आधीच्या.

तनुजा : आणि ही गोष्ट मला आज कळते आहे.

दयानंद : तनू, आण्णा आडदांड नाहीत. बार झाला की मॅगझिन काढतात, वेगळ्या कपाटात ठेवतात, किल्ली कमरेला. लहानपणापासून बघून राहिलो मी. मला बारावीनंतर एकदा मारू दिला होता. काय हत्यार आहे ते! हातात धरलं की आपलं बोट दाखवल्यासारखं जातं समोर. धक्का कमी, आवाज कोरडा...

तनुजा : गोडवे नंतर गा. मला एक सांगा. गोळी मॅगझिनमधून आत कशी जाते?

दयानंद : वरचा गुडघा ओढायचा. आण्णा गुडघाच म्हणतात त्याला, दुमडतो म्हणून. मागं ओढून सोडला की वरची गोळी नळीत जाऊन बसते. मग चाप.

तनुजा : आणि बार झाला की?

दयानंद : रिकामं टरफल आपोआप बाहेर पडतं, दुसरी आत येते. ती काढायला मग मॅगझिन उतरवून पुन्हा गुडघा ओढायचा.

तनुजा : काल बार झालाच नाही.

दयानंद : हाव.

तनुजा : म्हणजे आपोआप काही बाहेर पडलं नाही. आण्णांनी चिडून मॅगझिन काढलं, कपाटात ठेवलं, किल्ली कमरेला. मग जी वाजली नाही ती गोळी कुठं आहे?

दयानंद : त्यांनी गुडघा ओढला असेल.

तनुजा : त्यांच्या बोटांना सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. गेल्या दिवाळीला मी लावून दिली होती.

दयानंद : आईला फोन लाव. स्पीकरवर.

तनुजा : लावते आहे. तुम्ही समोर बघा. एवढ्या जोरात नको.

चतुराबाई : हालो. कोन, तनुजा? बोल माय. पुरण वाटायले, हात भरलेत. खांद्यानं धरलाय फोन, पडला तर पुरणात.

तनुजा : आत्याबाई, मनू कुठं आहे?

चतुराबाई : देवघरात. नवा झगा घालून पाटावर बसलीय, कवापासनं. आवंदा तिचा मान न्हाई का. निवद झाला की बारक्यानं हत्यार उचलायचं आन् थोरल्याच्या हातात द्यायचं. दयानंद बारका होता तवा खुरपं बी उचलंना, रडायला. ही पोरगी तर मलाच म्हणती, आजी, मी आधी पिस्तूल देणार, मग लॅपटॉप.

तनुजा : तिला बाहेर काढा.

चतुराबाई : आं?

तनुजा : आत्ता. हात धुऊ नका, तशाच जा. मी फोन चालू ठेवते. तिला म्हणा, आई बोलवते आहे, काहीही म्हणा. आत्याबाई, तिनं काही हातात घेतलं असेल तर ओरडू नका.

चतुराबाई : काय झालं बाई, घाबरं करायलीस. मने, ए मने. इकडं ये. हात न्हाई लावला न्हवं कशाला? ये. न्हाई, पिसतूल तिथंच ऱ्हाऊ दे, आबा हाका मारतील तवा. जा, शेजारच्या शिवम्माच्या अंगणात जाऊन आपट्याची पानं मोजून आन. चपला घाल... गेली. आता सांग.

तनुजा : गेली? तुम्ही बघितलं जाताना?

चतुराबाई : बघितलं की. झगा वर धरून पळत गेली. काय झालं?

दयानंद : आई, काल शेतातला बार उडाला नाही ना?

चतुराबाई : न्हाई उडाला. तवापासनं तोंड फुगवून बसलेत. रात्री भाकर बी अर्धीच. म्हणायले, बापाच्या काळापासनं एकदा बी असं झालं न्हाई.

दयानंद : मग ती गोळी बाहेर काढली का त्यांनी?

चतुराबाई : मला काय ठाव? आले, कापडानं पुसलं, गंध लावला, हळद-कुकू वाहिलं, मांडून टाकलं. एकदा मांडलं की शिलंगणापतुर हलवायचं न्हाई, दस्तूर हाय.

तनुजा : त्याचं तोंड कुणीकडं करून ठेवलंय?

चतुराबाई : दाराकडं. देवाकडं हत्याराचं तोंड करत असतेत का?

तनुजा : मनूचा पाट कुठं होता?

चतुराबाई : दारातच की.

दयानंद : आई, नीट ऐक. दारातनं न जाता बाजूनं जा, खिडकीकडनं. हात लावू नको. वरच्या बाजूला, नळीच्या मागं एक बारीक पट्टी असते. ती सपाट आहे का वर आलीय, तेवढं बघ.

चतुराबाई : त्याच्यावर शेवंतीचं फूल हाय बाबा. सकाळपासनं तेच करायले मी, फूल ठिवते आन् ते घरंगळतंय. सपाट बसंनाच. शेवटी दोऱ्यानं बांधलं.

दयानंद : वर आलेलीच आहे पट्टी.

तनुजा : म्हणजे?

दयानंद : नळीत गोळी असली की ती पट्टी उठते. बाजूला अक्षरं दिसतात तिच्या.

चतुराबाई : हाव, अक्षरं हायती. हळद भरलीय त्यात. लई बारीक हायती, मला वाटलं कंपनीचं नाव आसंल.

तनुजा : आत्याबाई, आता बाहेर या. दाराला बाहेरून कडी लावा. कुणी आत जायचं नाही. आम्ही आलो की हे काढतील.

चतुराबाई : कडी कशी लावू, निवद दाखवायचाय. आन् ह्यांना काय सांगू?

तनुजा : सांगा, आत गोळी आहे. हात लावू नका म्हणा.

चतुराबाई : तूच सांग. वसरीवर बसलेत. अहो, सुनबाईचा फोन हाय. घ्या की... न्हाई घेत म्हणायलेत.

तनुजा : का?

चतुराबाई : म्हणायलेत, काल वाजलं न्हाई ते गावभर झालं का आता.

दयानंद : आण्णांना म्हण, दयानंद बोलायलाय.

चतुराबाई : म्हणलं. ते म्हणायलेत, त्याला सांग, लायसन तुझ्या नावावर कर म्हणलं तवा तुझी बायको आडवी आली. आता पिसतुलाची फिकीर कामून?

तनुजा : त्यांना म्हणा, मला पिस्तुलाची नाही, मनूची फिकीर आहे.

चतुराबाई : ते म्हणायलेत, मनू माझी कोनी न्हाई का?

तनुजा : असं कुठं म्हणते आहे मी! गोळी आत राहिली आहे, एवढंच.

चतुराबाई : म्हणायलेत, ती गोळी मेलेली हाय. चाप ओढला, मेली. मॅगझिन माझ्या कपाटात हाय, मग पिसतूल रिकामंच न्हाई का.

दयानंद : नाही आई, रिकामं नाही. जुनी गोळी एकदा नाही वाजली म्हणून पुन्हा वाजणारच नाही असं नसतं. आण्णांनाच माहीत आहे हे. त्यांनीच शिकवलं मला.

चतुराबाई : सांगितलं त्यांना.

तनुजा : मग आता दाराला कडी लावा.

चतुराबाई : ऐका की हो. सून म्हणती, देवघराला कडी लावा, दयानंद येईपतुर हात लावू नका... आवो. आवो, कुठं निघालात? तनुजा, ह्ये उठले बघ. म्हणायलेत, माझ्या बापाचं हत्यार, मला हात लावू नका म्हणती. मीच घातली, मीच काढतो.

दयानंद : आई, अडव त्यांना. त्यांच्या बोटांनी गुडघा ओढला जाणार नाही. अर्धा ओढला अन् सटकला तर...

चतुराबाई : मला ढकलून गेले आत. आवो, कडी काढा. आतनं कडी लावून घेतली रे दयानंद. आवो...

तनुजा : आत्याबाई, दारासमोर उभ्या राहू नका. बाजूला व्हा. भिंतीकडं. ऐकता आहात ना? आत्याबाई?

दयानंद : काय झालं?

तनुजा : कट झाला.

दयानंद : पुन्हा लाव.

तनुजा : लावतेच आहे. रेंज नाही. चाकूरच्या पुढं कधी रेंज असते का तुमच्या या रस्त्याला! गेल्या वर्षीपासून म्हणते आहे, आण्णांना समजावा, ते पिस्तूल ठाण्यात जमा करून टाका. तर म्हणे घराण्याची खूण.

दयानंद : मी विकायला काढलं होतं. कुणी घेईना. गोळ्या मिळत नाहीत म्हणून कुणी घेत नाही, अन् गोळ्या मिळत नाहीत म्हणून आपण बेफिकीर.

तनुजा : वाजते आहे... उचलत नाहीत. उचला ना हो.

दयानंद : शिवम्माचा नंबर आहे?

तनुजा : तिथं मनू आहे. मनूच उचलेल फोन. तिला काय विचारू मी, आवाज आला का म्हणून?

दयानंद : आईलाच लाव परत.

तनुजा : माझंच चुकलं. सरळ सांगायला गेले अन् त्यांना ‘हात लावू नका’ एवढंच ऐकू आलं. दुसऱ्या शब्दांत सांगता आलं असतं मला. आण्णा, तुमच्याशिवाय ते कुणाला उघडता येत नाही, हे मदतीला येईपर्यंत थांबा, असं... हॅलो? आत्याबाई?

चतुराबाई : हाय, हाय. बोल.

तनुजा : आवाज आला का?

चतुराबाई : न्हाई.

तनुजा : आण्णा?

चतुराबाई : कडी काढली. बाहेर आले. अंगठा सोलला सगळा, रगत आलंय. धोतराच्या सोग्यात धरून वढलं म्हणं. गोळी पाटावर ठिवली, मनूच्याच पाटावर. पिवळीजर्द झालीय हळदीनं. बुडाला खड्डा पडलाय बारका.

दयानंद : तोच तो. काल चाप ओढल्यावर आतली सुई बसली, त्याचा खड्डा.

चतुराबाई : म्हणाले, सुनेला दाखव आली की. आन् पिसतूल तसंच गुडघा उघडा ठिवून मांडलंय परत, भिंतीकडं तोंड करून. देवाच्या बाजूच्या भिंतीकडं. म्हणलं, ऱ्हाऊ दे तसंच.

तनुजा : मनू?

चतुराबाई : आली की पानं घिऊन. आबाला सोनं द्यायचं म्हनून हुडकायली. म्हणलं, आबा कामात हायती.

दयानंद : आई, आम्ही पोचतोच आता. नैवेद्य थांबव थोडा.

चतुराबाई : थांबलाच हाय. पुरण बी गार झालं. तुमी सावकाश या, उगं गाडी पळवू नका.

तनुजा : आत्याबाई, काही बोलले का ते?

चतुराबाई : न्हाई. एवढंच म्हणाले, पाट दारातच होता न्हवं? मी म्हणलं, हाव. मग गेले.

तनुजा : कुठं गेले?

चतुराबाई : गोठ्याकडं. अंगठा बी बांधू दिला न्हाई.

तनुजा : बैलांना झूल घालायला गेले असतील.

चतुराबाई : झूल तर सकाळीच घातली की.

तनुजा : आत्याबाई, मनूच्या हातात एक पान द्या आणि तिला घेऊन जरा गोठ्यात जाऊन या. आण्णांना एकटं बसू देऊ नका; मनूला म्हणा, पहिलं सोनं आबाला दे.