सांगेन तेवढंच कर

(दुपार. काइसा पलंगावर पडलेली. मर्व्ह आपल्या चाकांच्या खुर्चीत शेजारी. आई हेल्मी दारात.)

मर्व्ह : थांबा, थांबा! परत तेच. मी प्रश्न कुणाला विचारला?

काइसा : मला.

मर्व्ह : आणि उत्तर कुणी दिलं?

हेल्मी : मी. ती विचार करत बसली होती. तोवर कॉफी गार झाली असती.

मर्व्ह : हेल्मीबाई, उद्या समितीपुढे असं केलंत तर मदतनिसांच्या पगाराचा निधी तिथेच बुडाला म्हणून समजा. मी घेतोय ना इतकी वर्षं तोच निधी. काइसा स्वतःचे मदतनीस स्वतः नेमेल का, त्यांच्याकडून काम करून घेईल का, वेळ आली तर त्यांना घरी पाठवेल का, एवढंच ते बघतात. आईला किती येतं ते कुणी विचारत नाही.

हेल्मी : अपघातापासून तिला रोज उठवतं कोण? समिती?

काइसा : आई, निधी नाही मिळाला तर वाचनालयाजवळचं ते घर गेलं हातचं. मला राहायचंय तिथे. माझी मी.

हेल्मी : बसले गप्प.

मर्व्ह : हां. तर आता मी समितीचा माणूस. टाय लावलाय असं समजा. काइसा, सकाळी पलंगावरून खुर्चीत कशा येता तुम्ही?

काइसा : होतं तसं. ठीक चाललंय.

मर्व्ह : झालं! आला तुमचा फिनलंडचा बाणा! मानेखाली एक हात तेवढा हलतो आणि म्हणे ठीक चाललंय. तुम्हा लोकांचं घर पेटलं ना, तरी शेजाऱ्याला सांगाल, आज जरा ऊब आहे. अगं, ठीक चाललंय तर ते मदत कशाला देतील?

काइसा : मग काय रडगाणं गाऊ?

मर्व्ह : रडगाणं नको, काम सांग. कागद कारखान्यात नवा गडी आला की मी सांगायचो, हे धर, ते सोड, इथे बोट घालू नकोस. सांगायला लाजलो असतो तर त्याचा हात गेला असता.

हेल्मी : त्यांचे हात राहिले आणि तुमची पाठ गेली.

मर्व्ह : ती घरच्या छपरावरून पडून गेली, बाई! कारखान्याला कशाला बोल लावता?

काइसा : खरं सांगू मर्व्ह? मला सांगताच येणार नाही. आई येते आणि मग मी खुर्चीत असते. मधलं सगळं तिच्या हातांना ठाऊक. मी कधी तोंडच उघडलं नाही.

मर्व्ह : मग आज उघड. हेल्मीबाई, तुम्ही आजच कामाला लागलात. तुम्हाला काही म्हणजे काही येत नाही.

हेल्मी : मला येत नाही?

मर्व्ह : ढिम्म येत नाही. ती सांगेल तेवढंच करायचं.

काइसा : आई, मला उठव.

हेल्मी : कशी?

काइसा : कशी म्हणजे? रोजच्यासारखी.

हेल्मी : मी आजच लागले. रोजचं मला काय माहीत?

मर्व्ह : वा! ही बाई नाटकात शोभली असती.

काइसा : बरं. पांघरूण काढ. खुर्ची पलंगाला चिकटव. ब्रेक लाव. आता मला बसतं कर... आई, माझे पाय!

हेल्मी : पायांचं कुठे सांगितलंस?

काइसा : आधी गुडघ्यांखाली हात घालून पाय खाली सोड. सावकाश. हिसका बसला तर आखडतात. आता खांद्यामागे हात, बसतं कर. हां. आता... नाही, उचलू नकोस! दाराआडची ती गुळगुळीत फळी आण. एक टोक माझ्या मांडीखाली, दुसरं खुर्चीवर. मला फळीवरून सरकवायचं.

हेल्मी : मी तर रोज उचलते.

काइसा : आणि दिवसभर उजवा खांदा चोळत बसतेस. मला दिसत नाही का? परकी असती तर पहिल्याच दिवशी थांबवलं असतं तिला. तुला थांबवायला जीभ रेटली नाही. वाटायचं, तुला लागेल मनाला.

हेल्मी : लागलं असतं.

काइसा : म्हणूनच. धर कमरेला. मी हं म्हटलं की सरकव. हं!

मर्व्ह : बसली बघा ऐटीत! आता शेवटचा प्रश्न. मदतनीस कामाला चोख, पण सगळीकडे तुमच्याऐवजी तीच बोलते. समजावूनही ऐकत नाही. काय कराल?

काइसा : काढून टाकीन.

मर्व्ह : कसं? ती बघा, समोरच उभी आहे.

काइसा : मर्व्ह, पुरे झालं हं.

मर्व्ह : घरच्या माणसाला या निधीतून नेमता येत नाही. पैसे आले की पहिलं काढायचंय ते यांनाच.

हेल्मी : म्हण, काइसा. ऐकते मी.

काइसा : हेल्मीबाई... तुमचं काम फार चांगलं होतं. इतक्या वर्षांत माझ्या पाठीला एक जखम होऊ दिली नाहीत तुम्ही. मी ते विसरणार नाही. पण आता माझं मला सांगायचंय. नव्या घरी तुम्ही कामाला येऊ नका.

हेल्मी : रविवारीसुद्धा नाही?

काइसा : रविवारी माझी आई येणार आहे, जेवायला.