डेरेकला न आठवणारी फायनल

आधी तो मफलर काढ — हो, आत्ता, उंबऱ्यातच — आणि कोटाच्या खिशात कोंब. लाल-पांढरं काही नको या घरात. आणि आवाज खाली. वर झोपलाय तो. झोपलाय म्हणजे, पडलाय. तिथं नको बसू, ती खुर्ची माझी, तिथनं जिना दिसतो.

क्लबकडनं आलास, कळलं. फोनवर नाही म्हटलं होतं ना मी? तरी आलासच. रविवारी मॅचच्या आधी डेरेक सग्डनला मैदानाच्या मधोमध उभं करणार, लोक टाळ्या वाजवणार, फायनलला चाळीस वर्षं झाली म्हणून — छानच आहे, मी कुठं वाईट म्हणते? पण माझ्या नवऱ्याचे गुडघे गेलेत. उभंच राहवत नाही. असंच सांग त्यांना, गुडघे गेलेत. आणि असा काय बघतोयस माझ्या तोंडाकडं? हे होय — कपाटाचं दार लागलं. चहा घे, गार होईल.

तुझा जन्मही नसेल तेव्हा. सतराव्या वर्षी खाणीतनं वर आला, अंघोळ केली नि थेट क्लबच्या दारात जाऊन उभा. आमची तेरा जणांची रग्बी, बाळा — ती कॉलेजवाल्यांची पंधरा जणांची नव्हे — आठवडाभर कोळसा खणायचा आणि रविवारी अंगावर माणसं घ्यायची. पुढं खाण बंद पडली, मग खेळावरच घर चाललं. पंधरा हंगाम! नाक मोडलं की मीच सरळ करायचे, इथंच, या टेबलापाशी. डोकं आधी घालायचा मेला, हात मागनं. आणि त्या फायनलला, वेम्बलीच्या मैदानात — मी वर बसले होते ना — त्या आडदांड गड्याचा खांदा याच्या कानशिलावर बसला. हलेचना. मी उभी राहिले. नाकाशी ती शुद्धीवर आणायची बाटली धरली, तोंडावर पाणी मारलं, उठवला. तेव्हा असंच चालायचं. आणि शेवटच्या मिनिटाला चौघांना अंगावर घेऊन आमच्या डेरेकनंच रेषेपलीकडं चेंडू टेकवला. सगळ्या गावाला तोंडपाठ आहे ती ट्राय. त्याला सोडून. रात्री हॉटेलात मोजे काढता काढता मला विचारतो, "आपण जिंकलो का गं?" मला वाटलं, चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. पबमध्ये लोक खांद्यावर हात टाकून सगळं सांगायचे आणि हा हसायचा. इतकी वर्षं नुसता हसत आला — हे क्लबात बोलू नकोस हं.

थांब. काही वाजलं का?... नाही. पाइप असेल.

खरं सांगू? गुडघे ठणठणीत आहेत. तेच तर वाईट आहे. गेल्या महिन्यात शेजारचे नॉर्मन असाच मफलर घालून चालले होते, याला वाटलं मॅचच चाललीय, धावत जाऊन भर रस्त्यात आडवे पाडले. म्हातारा माणूस, खांद्याचं हाड गेलं. बिचारे दवाखान्यात म्हणाले, बर्फावरनं घसरलो. आणि मी कपड्यांची टोपली पोटाशी धरून येत होते, त्याला वाटलं चेंडू माझ्याच — कपाट होतं. कपाट म्हणाले ना मी मघाशी? कपाटच. आमच्या लेकीला, जोॲनला, कळलं तर संपलं. तिनं लीड्सकडं एक जागा बघून ठेवलीय अशा माणसांसाठी. दारांना बाहेरनं कुलूप असतं रे तिथं. कुणाला बोलणार नाहीस तू. खाली काय बघतोस, माझ्याकडं बघून सांग.

जिना वाजला. उठू नकोस! हात टेबलावर ठेव, दोन्ही. तू गप्प, मी बोलते. — डेरेक, कुणी नाही रे, गॅसवाला आहे, मीटर बघायला आलाय. नाही राजा, कोच कुठला? कोच नाही हा. अरे, मैदान गोठलंय, मॅचच नाही — डेरेक, तिथंच थांब. थांब म्हटलं ना! — तुलाच विचारतोय तो. "मी टीममध्ये आहे का?" म्हणून विचारतोय. नाही म्हण. नुसती मान हलव —

काय बोललास तू? पहिल्या तेरांत आहे? कशापायी बोललास असं? आता याला आवरायचं कुणी, तू येणार आहेस? तू तर जाशील उठून, इथं मी आणि — अगंबाई. बघ. बघ की कसा ताठ झाला.

काय रे? हो. हो, आहेत, मागच्या खोलीत असतील, देते.

ऐकलंस का? "ग्लेनिस, माझे बूट कुठायत?" म्हणाला. ग्लेनिस. नाताळापासनं मला नर्स म्हणून हाक मारायचा.

जा तू आता. नाही, मदत नको, काही नको. रविवारचंही विचारू नकोस. जा म्हणते ना. दार ओढून घे.